पाठीचे स्नायू आणि त्यांचे मज्जातंतू : पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास कसा करावा

परळ, शीव, भायखळा किंवा मुंबई सेंट्रल येथील वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेतलेला विद्यार्थी शरीररचनाशास्त्रात पाठीच्या भागापर्यंत पोहोचला, की त्याच्या वहीत बहुधा एक लांबलचक तक्ता तयार होतो. त्यात स्नायूचे नाव, उगम, शेवट आणि कार्य यांना ऐसपैस जागा मिळते आणि मज्जातंतूचे नाव अगदी उजवीकडच्या अरुंद रकान्यात कसेबसे बसवले जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री सर्वांत आधी विसरला जातो तो हाच रकाना. माझ्या मते हा तक्ता उजवीकडून डावीकडे वाचावा. पाठीचा कोणता स्नायू कोणत्या गटातला, तो कोणत्या थरात सापडणार आणि तो दुबळा झाला तर दोष कुठे शोधायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या मज्जातंतूत असतात.

याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. पाठीच्या वरच्या थरातील स्नायू बहुतेक ठिकाणी हाताच्या डिसेक्शनबरोबर (मृतदेह थराथराने उघडून करायच्या अभ्यासाबरोबर) शिकवले जातात, तर खोल थरातील स्नायू बऱ्याच काळानंतर मान आणि डोके यांच्या जोडीने समोर येतात. मधल्या काळात विद्यार्थ्याच्या मनात पाठीचे दोन तुकडे झालेले असतात. मज्जातंतूंचा धागा हाती असेल तर ते जोडता येतात. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल.

पहिली पायरी : एकाच मज्जातंतूची आकृती

मेरुरज्जूपासून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात. त्यांपैकी मानेच्या 8, छातीच्या 12, कमरेच्या 5, सेक्रमच्या (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) 5 आणि कॉक्सिक्सची (माकडहाडाची) 1 असते. या सगळ्यांच्या मागे न लागता छातीच्या भागातील कोणताही एक मज्जातंतू निवडावा आणि त्याची आकृती पुस्तक न पाहता काढता येईपर्यंत काढावी.

आकृतीत मेरुरज्जूच्या मागील बाजूस संवेदना आणणारे मूळ आणि पुढील बाजूस स्नायूंना आज्ञा नेणारे मूळ दाखवावे. दोन मणक्यांमधील छिद्रापाशी ही मुळे एकत्र येऊन स्पायनल नर्व्ह तयार होते. तिची लांबी जेमतेम काही मिलिमीटर असते आणि छिद्राबाहेर पडताच तिच्या दोन शाखा होतात. पुढे जाणारा अँटिरिअर रेमस धडाची पुढची बाजू, कडा आणि हातपाय यांच्याकडे जातो. मागे वळणारा पोस्टिरिअर रेमस पाठीचे खोल स्नायू, मणक्यांमधील फॅसेट सांधे (मणक्यांना मागून जोडणारे लहान सांधे) आणि पाठीच्या मधल्या पट्ट्यातील त्वचा यांच्याकडे जातो.

येथे मूळ आणि रेमस यांची गल्लत होऊ देऊ नये. मुळांमध्ये संवेदना आणि आज्ञा यांची वाटणी असते, परंतु दोन्ही रेमायमध्ये (रेमाय हे रेमसचे अनेकवचन) दोन्ही प्रकारचे तंतू मिसळलेले असतात. व्हायव्हामध्ये (तोंडी परीक्षेत) ‘मागचा रेमस म्हणजे फक्त संवेदना’ असे उत्तर दिले गेले, की पुढचे प्रश्न अवघड होत जातात.

या विभागणीचे मूळ गर्भावस्थेत आहे. सोमाइटपासून (गर्भाच्या पाठीकडील पेशींच्या खंडापासून) तयार होणाऱ्या मायोटोमचे (स्नायू घडवणाऱ्या भागाचे) दोन भाग पडतात. मागचा लहान भाग पाठीचे मूळ स्नायू घडवतो आणि त्याला पोस्टिरिअर रेमस मिळतो, तर पुढचा मोठा भाग धड आणि हातपाय यांचे स्नायू घडवतो आणि त्याला अँटिरिअर रेमस मिळतो. स्नायू पुढे वाढून कितीही लांब सरकला, तरी त्याचा मज्जातंतू त्याच्यामागे ओढला जातो आणि मूळ नाते तोडत नाही. गिरणगावात दोन पिढ्या राहिलेल्या चाकरमान्याचे घर जसे कागदोपत्री कोकणातल्या गावातच असते, तसे हे आहे.

लॅटिसिमस डॉर्साय हे याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. हा स्नायू कमरेपर्यंत, थेट इलियाक क्रेस्टपर्यंत (कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत) पसरलेला असतो, तरीही त्याला मज्जातंतू मिळतो तो मानेतील सी-6, सी-7 आणि सी-8 यांच्याकडून (सी म्हणजे मान, टी छाती, एल कंबर, एस सेक्रम, आणि आकडा क्रमाचा). स्नायू पाठीवर आहे, पण तो हाताचा आहे. याउलट कण्याच्या दोन्ही बाजूंचा इरेक्टर स्पायनी हा पोस्टिरिअर रेमायवर जगणारा, म्हणून खऱ्या अर्थाने पाठीचा आहे. एवढी एक विभागणी पक्की झाली, की पाठांतराचा निम्मा भार हलका होतो.

दुसरी पायरी : जिवंत पाठीवर हात ठेवून हाडांच्या खुणा ओळखणे

डिसेक्शन हॉलमध्ये जाण्यापूर्वी वर्गमित्राच्या पाठीवर, त्याच्या संमतीने, काही खुणा हाताने शोधाव्यात. मान खाली झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो उंचवटा ठळकपणे हाताला लागतो, तो बहुतेकांमध्ये सी-7 मणक्याचा स्पाइनस प्रोसेस (मणक्याचे मागे निघालेले टोक) असतो. काहींमध्ये टी-1 अधिक उठून दिसतो, म्हणून केवळ उंचवट्यावर विसंबू नये आणि खालच्या खुणांशी ताळा करावा. हात शरीरालगत सैल सोडले असता स्कॅप्युलाच्या (खांद्याच्या पात्याच्या) स्पाइनचे (त्यावरील आडव्या उंचवट्याचे) आतले टोक टी-3 च्या आसपास आणि स्कॅप्युलाचा खालचा कोन टी-7 च्या आसपास येतो. दोन्ही बाजूंच्या इलियाक क्रेस्टचे सर्वोच्च बिंदू जोडणारी रेषा एल-4 च्या पातळीवरून जाते, आणि कमरेखाली दिसणाऱ्या दोन खळ्या एस-2 ची पातळी सांगतात.

कमरेत सुई घालून पाठीतले पाणी काढताना डॉक्टर हीच एल-4 ची रेषा हाताने शोधतात, कारण प्रौढ व्यक्तीत मेरुरज्जू साधारणपणे एल-1 आणि एल-2 यांच्या दरम्यान संपलेला असतो.

तिसरी पायरी : वरचा थर आणि ट्रॅपेझियस

डिसेक्शनसाठी मिळणाऱ्या देहामागे एक माणूस आणि त्याचे कुटुंब असते, हे पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावे. तत्कालीन मुंबई राज्यात 1949 साली ॲनाटॉमी कायदा झाला आणि बेवारस मृतदेह अभ्यासासाठी वैद्यकीय संस्थांना देण्याची रीतसर तरतूद झाली. आज अनेक देह स्वेच्छेने केलेल्या देहदानातून येतात. टेबलाभोवती थट्टामस्करी आणि मोबाइलवर फोटो काढणे निषिद्ध असते, त्यामागील कारण निराळे सांगण्याची गरज नाही.

त्वचा उलटवताना घाई करू नये. मध्यरेषेपासून थोड्याच अंतरावर, स्नायू भेदून बाहेर येणारे बारीक त्वचेचे मज्जातंतू दिसतात. छातीच्या वरच्या भागात, म्हणजे साधारणपणे टी-6 पर्यंत, पोस्टिरिअर रेमसची मीडियल (आतली) शाखा त्वचेपर्यंत पोहोचते, तर त्याखाली हे काम लॅटरल (बाहेरची) शाखा करते. म्हणूनच हे तंतू वरच्या भागात मध्यरेषेच्या जवळ सापडतात आणि खालच्या भागात थोडे बाहेर सरकलेले असतात.

त्वचेखाली प्रथम दिसतो तो ट्रॅपेझियस. तो कवटीच्या मागील उंचवट्यापासून आणि मानेच्या लिगामेंटम न्युकीपासून (मानेमागील अस्थिबंधापासून) सुरू होऊन सी-7 ते टी-12 या मणक्यांच्या स्पाइनस प्रोसेसपर्यंत उतरतो आणि क्लॅव्हिकलचा (हासळीच्या हाडाचा) बाहेरचा एक तृतीयांश भाग, अक्रोमिअन (खांद्याचे टोक) आणि स्कॅप्युलाची स्पाइन यांवर येऊन थांबतो. त्याचे वरचे तंतू खांदा उचलतात, मधले स्कॅप्युला मागे ओढतात आणि खालचे ती खाली खेचतात. वरचे आणि खालचे तंतू छातीच्या कडेवरील सेराटस अँटिरिअरच्या साथीने एकाच वेळी काम करतात, तेव्हा स्कॅप्युला फिरते आणि खांद्याचा सांधा वर तोंड करतो. गर्दीच्या लोकलमध्ये डोक्यावरचे हँडल धरताना हात खांद्याच्या पातळीच्या वर नेता येतो, तो या फिरण्यामुळेच.

मज्जातंतूच्या बाबतीत ट्रॅपेझियस वरील विभागणीला अपवाद आहे. त्याला आज्ञा नेणारा मज्जातंतू म्हणजे अकरावी क्रेनिअल (कवटीतून बाहेर पडणारी) नर्व्ह, अर्थात स्पायनल अ‍ॅक्सेसरी. सी-3 आणि सी-4 यांच्याकडून त्याला मुख्यतः स्नायूच्या ताणाची आणि स्थितीची संवेदना मिळते. अ‍ॅक्सेसरीचा मार्गही चमत्कारिक आहे. मेरुरज्जूच्या मानेतील वरच्या भागातून निघून ती फोरॅमेन मॅग्नममधून (कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून) कवटीत शिरते, जुग्युलर फोरॅमेनमधून पुन्हा बाहेर येते, मानेच्या बाजूच्या स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइडला शाखा देते, मानेच्या पोस्टिरिअर ट्रँगलमधून (या स्नायूमागील त्रिकोणातून) लेव्हेटर स्कॅप्युलीच्या पृष्ठभागावरून तिरकी उतरते आणि क्लॅव्हिकलच्या सुमारे 5 सेंटिमीटर वर ट्रॅपेझियसच्या पुढच्या कडेखाली शिरते.

ती पाहायची असेल तर ट्रॅपेझियस मणक्यांच्या बाजूने, मध्यरेषेजवळ कापावा आणि बाहेरच्या दिशेला उलटवावा. त्याच्या खोल पृष्ठभागावर रक्तवाहिनीच्या सोबतीने खाली उतरणारी पांढरट दोरी दिसेल. चरबीचे कण चिमट्याने, स्नायूच्या तंतूंना समांतर हालचाल करत काढले, तर तिचे फाटे स्नायूत शिरताना स्पष्ट दिसतात. स्काल्पेलने खरवडले तर काहीच उरत नाही.

पोस्टिरिअर ट्रँगलमध्ये ही नर्व्ह त्वचेच्या फार जवळ असते आणि तिच्याभोवती लसीका ग्रंथी असतात. मानेतील गाठींचा क्षयरोग आपल्याकडे वारंवार दिसतो आणि निदानासाठी गाठ काढून तपासावी लागते, त्यामुळे येथे चाकू चालवणाऱ्याला तिचा मार्ग माहीत असणे अत्यावश्यक ठरते. तेथे इजा झाल्यास खांदा खाली झुकतो आणि हात खांद्याच्या वर नेणे अवघड होते, परंतु मान वळवणारा स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड शाबूत राहतो, कारण त्याची शाखा आधीच निघून गेलेली असते. इजा कोणत्या पातळीवर झाली हे केवळ या एका निरीक्षणावरून सांगता येते.

चौथी पायरी : हाताशी नाते सांगणारे बाकीचे स्नायू

लॅटिसिमस डॉर्साय खालच्या सहा थोरॅसिक (छातीच्या) मणक्यांपासून, थोरॅकोलंबर फॅशियापासून (कमरेवरील पडद्यासारख्या आवरणापासून), इलियाक क्रेस्टपासून आणि शेवटच्या तीन-चार बरगड्यांपासून निघून ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) पुढील खोबणीच्या तळाशी जाऊन बसतो. तो हात मागे नेतो, शरीरालगत आणतो आणि आत वळवतो. मात्र हात वरच्या आधारावर घट्ट असतील तर हाच स्नायू छातीच्या पेक्टोरॅलिस मेजरच्या मदतीने सगळे धड वर ओढतो. दादरच्या शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरातील मुलांना मल्लखांबावर चढताना पाहावे, म्हणजे काखेच्या मागच्या कडेला लॅटिसिमस आणि टेरेस मेजर मिळून जी जाड घडी तयार करतात, ती कोणत्याही चित्रापेक्षा स्पष्ट दिसेल.

त्याचा मज्जातंतू, थोरॅकोडॉर्सल नर्व्ह, ब्रेकिअल प्लेक्ससच्या (हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याच्या) पोस्टिरिअर कॉर्डमधून निघतो आणि काखेतून त्याच नावाच्या रक्तवाहिनीबरोबर स्नायूच्या आतल्या पृष्ठभागावर उतरतो. त्यामुळे पाठीच्या बाजूने तो शोधत बसण्यात अर्थ नाही. तो काखेच्या डिसेक्शनमध्ये भेटतो. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील ग्रंथी काढताना शल्यचिकित्सक तो जपतात. स्तनाच्या पुनर्रचनेसाठी हाच स्नायू पुढे फिरवून वापरला जातो, तेव्हा मात्र अधिक महत्त्व त्याच्या रक्तवाहिनीला असते.

ट्रॅपेझियसखाली लेव्हेटर स्कॅप्युली आणि दोन ऱ्हॉम्बॉइड आढळतात. लेव्हेटर सी-1 ते सी-4 यांच्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसपासून (मणक्याच्या बाजूच्या टोकांपासून), ऱ्हॉम्बॉइड मायनर सी-7 आणि टी-1 पासून, तर मेजर टी-2 ते टी-5 पासून निघतो, आणि तिघेही स्कॅप्युलाच्या आतल्या कडेवर वरून खाली याच क्रमाने बसतात. ऱ्हॉम्बॉइडना डॉर्सल स्कॅप्युलर नर्व्ह मिळते, जिचा मुख्य भाग सी-5 मधून येतो. लेव्हेटरला सी-3 आणि सी-4 यांच्या थेट शाखा मिळतात आणि डॉर्सल स्कॅप्युलरचीही मदत होते. ऱ्हॉम्बॉइड मध्यरेषेजवळ कापून बाहेर उलटवले, तर ही बारीक नर्व्ह स्कॅप्युलाच्या आतल्या कडेला समांतर धावताना सापडते.

ट्रॅपेझियस, लॅटिसिमस आणि स्कॅप्युलाची आतली कडा यांच्यामध्ये एक लहान त्रिकोण उघडा राहतो. रुग्णाला हात छातीवर घडी घालून पुढे वाकायला सांगितले, की स्कॅप्युला बाहेर सरकते, हा त्रिकोण रुंदावतो आणि तेथे स्टेथोस्कोप ठेवल्यास श्वासाचा आवाज स्नायूंच्या अडथळ्याविना ऐकू येतो.

यानंतरचे सेराटस पोस्टिरिअर सुपिरिअर आणि इन्फिरिअर हे दोन पातळ स्नायू डिसेक्शनमध्ये अनेकदा अनवधानाने कापले जातात आणि त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही. त्यांना अँटिरिअर रेमाय, म्हणजे वरच्याला दुसऱ्या ते पाचव्या इंटरकॉस्टल (बरगड्यांमधील) नर्व्ह आणि खालच्याला छातीच्या शेवटच्या काही नर्व्ह मिळतात, एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

पाचवी पायरी : पाठीचे मूळ स्नायू

येथून पोस्टिरिअर रेमायचे राज्य सुरू होते. मानेत स्प्लेनिअस, त्याखाली संपूर्ण कण्याच्या दोन्ही बाजूंना इरेक्टर स्पायनी आणि त्याहीखाली ट्रान्सव्हर्सोस्पायनॅलिस असा क्रम आहे.

इरेक्टर स्पायनीचे तीन उभे पट्टे असतात. बाहेरून आत येताना इलिओकॉस्टॅलिस, लाँगिसिमस आणि स्पायनॅलिस असा त्यांचा क्रम लागतो. दोन्ही बाजूंनी एकत्र काम केले तर ते पाठ ताठ करतात, एका बाजूने केले तर धड त्या बाजूला झुकवतात. त्यांचे अधिक महत्त्वाचे काम मात्र पुढे वाकताना असते, कारण तेव्हा ते हळूहळू सैल होत शरीराचा तोल सांभाळतात. माणूस पूर्ण वाकला, की हे स्नायू बरेचसे शांत होतात आणि भार अस्थिबंधांवर जातो. पूर्ण वाकलेल्या स्थितीतून झटक्यात ओझे उचलणाऱ्या हमालाची कंबर का धरते, याचा एक दुवा येथे मिळतो.

ट्रान्सव्हर्सोस्पायनॅलिस गटातील स्नायू ट्रान्सव्हर्स प्रोसेसच्या भागातून निघून वरच्या मणक्यांच्या स्पाइनस प्रोसेसकडे तिरके जातात. सेमिस्पायनॅलिस साधारण चार ते सहा मणके ओलांडतो, मल्टिफिडस दोन ते चार आणि रोटेटोरीज एक किंवा दोन. जितके खोल जावे तितका तंतू आखूड होतो, हे सूत्र परीक्षेत हमखास उपयोगी पडते. सेमिस्पायनॅलिस मानेत आणि छातीत मोठा असतो, तर मल्टिफिडस कमरेत सर्वांत जाड असतो.

आता मज्जातंतूंकडे वळावे. पोस्टिरिअर रेमस मागे वळल्यावर बहुतेक ठिकाणी त्याच्या मीडियल आणि लॅटरल अशा दोन शाखा होतात. लॅटरल शाखा लाँगिसिमस आणि इलिओकॉस्टॅलिस यांच्याकडे जाते, तर मीडियल शाखा मल्टिफिडसच्या गटाकडे आणि फॅसेट सांध्यांकडे जाते. कमरेत लाँगिसिमससाठी बरेचदा वेगळी मधली शाखाही असते. डिसेक्शनमध्ये या शाखा पाहायच्या असतील तर लाँगिसिमस आणि इलिओकॉस्टॅलिस यांच्यामधील फट बोटाने अलगद उघडावी. तेथून ठरावीक अंतराने बाहेर डोकावणारे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या यांचे जुडगे दिसतात. येथे स्काल्पेलपेक्षा बोट अधिक भरवशाचे.

कमरेतील मीडियल शाखा वरच्या आर्टिक्युलर प्रोसेस आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेस यांच्या सांध्याजवळील खोबणीतून हाडाला चिकटून जाते. प्रत्येक फॅसेट सांध्याला दोन पातळ्यांवरून मज्जातंतू मिळतात. उदाहरणार्थ, एल-4 आणि एल-5 यांच्यामधील सांध्याला एल-3 आणि एल-4 यांच्या मीडियल शाखा पोहोचतात. सांध्यातून उद्भवलेली कंबरदुखी आहे का हे ठरवण्यासाठी वेदनातज्ज्ञ भूल देणारे औषध टोचतात तेव्हा एका सांध्यासाठी दोन ठिकाणी सुई का घालावी लागते, हे यावरून कळते.

काही अपवाद एकदा लिहून ठेवावेत. सी-1 च्या पोस्टिरिअर रेमसच्या अशा दोन शाखा होत नाहीत आणि सामान्यतः तो त्वचेला जात नाही. एल-4 आणि एल-5 यांचे पोस्टिरिअर रेमायदेखील सहसा त्वचेपर्यंत येत नाहीत, म्हणून नितंबाच्या वरच्या भागातील त्वचेची संवेदना एल-1 ते एल-3 यांच्या लॅटरल शाखा सांभाळतात. त्या इलियाक क्रेस्ट ओलांडून खाली उतरतात. कंबरेच्या मागील हाडातून कलम घेताना त्या दुखावल्या, तर नितंबावर बधिरपणा येतो. बहुतेक ठिकाणी अँटिरिअर रेमस मोठा असतो, मात्र सी-1 आणि सी-2 यांच्या बाबतीत पोस्टिरिअर रेमस अधिक मोठा असतो.

सहावी पायरी : कवटीखालचा त्रिकोण

सेमिस्पायनॅलिस कॅपिटिस उलटवल्यावर कवटीच्या लगत चार आखूड स्नायू दिसतात. त्यांपैकी रेक्टस कॅपिटिस पोस्टिरिअर मेजर, ऑब्लिकस कॅपिटिस सुपिरिअर आणि ऑब्लिकस कॅपिटिस इन्फिरिअर हे तीन मिळून सबऑक्सिपिटल त्रिकोण तयार करतात. रेक्टस कॅपिटिस पोस्टिरिअर मायनर त्याच्या आतल्या बाजूला, त्रिकोणाबाहेर राहतो. चौघांनाही सबऑक्सिपिटल नर्व्ह, म्हणजे सी-1 चा पोस्टिरिअर रेमस मिळतो. ही नर्व्ह अ‍ॅटलासच्या (पहिल्या मणक्याच्या) मागील कमानीवरून, व्हर्टिब्रल आर्टरीच्या खालून त्रिकोणात शिरते.

ग्रेटर ऑक्सिपिटल नर्व्ह हिच्याशी हमखास गोंधळली जाते. ती सी-2 ची मीडियल शाखा आहे, ऑब्लिकस इन्फिरिअरच्या खालच्या कडेला वळसा घालून वर चढते, सेमिस्पायनॅलिस कॅपिटिस भेदते आणि डोक्याच्या मागच्या भागातील त्वचेला टाळूपर्यंत संवेदना पुरवते. डिसेक्शनमध्ये आधी तिला शोधावे. ती जाड आणि ठळक असल्याने सहज सापडते, आणि तिच्या मागोमाग स्नायूतून खाली उतरत गेल्यास ऑब्लिकस इन्फिरिअरपर्यंत वाट आपोआप मिळते.

सातवी पायरी : तपासणीचा सराव

व्हायव्हापूर्वी जोडीदाराबरोबर पुढील क्रमाने सराव करावा. ट्रॅपेझियससाठी जोडीदाराच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून खाली दाब द्यावा आणि त्याला खांदे उचलायला सांगावे. दोन्ही बाजूंची ताकद तुलनेनेच कळते, त्यामुळे एका बाजूची तपासणी अपुरी ठरते. ऱ्हॉम्बॉइडसाठी हात कमरेवर ठेवून कोपर मागे रेटायला सांगावे आणि आपण ते पुढे ढकलत स्कॅप्युलाची आतली कडा बोटांनी चाचपावी. लॅटिसिमससाठी काखेची मागची घडी दोन्ही बाजूंना चिमटीत धरून खोकायला सांगावे. निरोगी स्नायू प्रत्येक खोकल्याला बोटांखाली टणक होतो.

स्कॅप्युला बाहेर फुगलेली दिसली, की लगेच लाँग थोरॅसिक नर्व्हचे (सेराटस अँटिरिअरला जाणाऱ्या नर्व्हचे) नाव घेण्याचा मोह होतो. त्याआधी ती मध्यरेषेकडे सरकली आहे की बाहेरच्या बाजूला, हे पाहावे. सेराटस अँटिरिअर दुबळा असेल तर ती आत आणि वर सरकते आणि भिंतीवर दोन्ही तळहात रेटल्यास फुगवटा वाढतो. ट्रॅपेझियस दुबळा असेल तर ती खाली आणि बाहेर झुकते आणि हात बाजूने वर उचलताना दोष अधिक स्पष्ट होतो. जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकांच्या वहीत) ही नोंद करताना स्नायूचे नाव, नर्व्हचे नाव आणि तिच्या मुळांची पातळी या तीन गोष्टी एकाच ओळीत लिहाव्यात.